गव्हाणीतलं उरलेलं गवत बागेत घालण्याआधी

शेळी गव्हाणीतलं वाळलं गवत आवडीने खाते, पण तेच खाली पडून पायाखाली आलं की त्याला तोंड लावत नाही. माझ्याकडे दोन शेळ्या आहेत. रोज सकाळी झाडलोट केली की त्यांच्या पायाखालून दोन घमेली चघाळ निघतं. पानं निवडून खाल्लेली, मागे काड्या, बियांनी भरलेले तुरे आणि त्यात मिसळलेल्या लेंड्या. गेली नऊ वर्षं यातली एक काडीही मी फेकलेली नाही. सगळं बागेतच जिरतं. पण ते कसं जिरवायचं हे कळायला माझा एक अख्खा हंगाम गेला.

पहिल्या वर्षी मी ते थेट टोमॅटोच्या वाफ्यात वीतभर जाड पसरलं. माती झाकली, ओल टिकली, मला फार समाधान वाटलं. तीन आठवड्यांनी वाफ्यात गुडघ्याएवढं गवत होतं आणि टोमॅटो त्यात शोधावे लागत होते. तण दबावं म्हणून जे घातलं, त्यानेच तण पेरलं.

चूक एवढीच, की मी गवताला पेंढा समजले होते. पेंढा म्हणजे धान्य झोडून घेतल्यावर उरलेलं काड, त्यात बी जवळजवळ नसतं. वाळलं गवत मात्र तुऱ्यांसकट कापतात. मूठभर गवत तळहातावर चोळून बघा. कुसळं आणि बारीक दाणे हाताला चिकटले तर तेवढं बी वाफ्यात पडणार, हे धरून चाला. फुलोऱ्याआधी कापलेल्या गवतात बी फारसं नसतं, ते हिरवट आणि पानाळ असतं. असं हाती लागलं तर सरळ वापरा.

पण बी आहे म्हणून गवत टाकून देऊ नका, कारण जमिनीला ते पेंढ्यापेक्षा जास्त देतं. पेंढ्यात एका भाग नत्राला साधारण ८० भाग कर्ब असतो, गवतात तो २५ ते ३०च्या आसपास येतो, आणि लसूणघासासारख्या शेंगवर्गीय चाऱ्यात त्याहूनही कमी. कर्बाच्या मानाने नत्र जास्त असलं की लवकर कुजतं, म्हणून पेंढा वर्षभर तसाच पडून राहतो आणि गवत काही महिन्यांत काळं पडून मातीत मिसळतं. पालाशही त्यात भरपूर असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गवत विकत आणलेलं असेल किंवा कुणी दिलेलं असेल, तर त्या कुरणावर कोणतं तणनाशक मारलं होतं हे विचारा. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड आणि पिक्लोरॅम ही तणनाशकं रुंद पानांचं तण मारतात, गवताला काही करत नाहीत. म्हणून फवारलेलं गवतही दिसायला उत्तम असतं. ती जनावराच्या पोटातून जशीच्या तशी शेणात उतरतात आणि खताच्या ढिगातही लवकर मोडत नाहीत. असं गवत टोमॅटो, बटाटा, मिरची, वाटाणा, घेवडा यांच्या मुळाशी गेलं तर नवी पानं वाटीसारखी वळतात, शेंडा पिळवटतो आणि झाड तिथेच थांबतं.

देणाऱ्यालाच माहीत नसेल तर घेवड्याला विचारायचं. मी सहा कुंड्या घेते. तिघींत नुसती चांगली माती, तिघींत तीच माती आणि निम्म्याला निम्मं बारीक कापलेलं गवत. प्रत्येकीत घेवड्याचे चार दाणे. कुंड्यांखाली वेगवेगळ्या थाळ्या ठेवायच्या, एकीचं पाणी दुसरीत जाता कामा नये. दोन-तीन आठवड्यांत तीन-तीन पानांचे दोन-तीन जोड फुटले की शेजारी ठेवून बघायचं. गवताची रोपं थोडी पिवळी दिसली तर घाबरू नका, ती नत्राची ओढ आहे. पानं वळली, शिरा एकमेकींजवळ आल्या, शेंडा मुरगळला, तर ते गवत भाजीच्या बागेत नको. मी हा तीन आठवड्यांचा उशीर कधीच चुकवत नाही, कारण एकदा वाफ्यात गेलेलं तणनाशक परत काढता येत नाही.

तिसरी गोष्ट बुरशी. भिजून काळं पडलेलं, कुबट वासाचं गवत जनावराला घालू नये, बागेला मात्र ते चालतं. फक्त ते कोरडं झटकू नका. त्यातून उडणारी पांढरी धूळ म्हणजे बुरशीचे बीजाणू. वारंवार छातीत गेले तर फुप्फुसाला कायमचं दुखणं लावू शकतात. आधी झारीने ओलं करा, नाकातोंडाला मास्क लावा, मगच हलवा.

आता बियांचा बंदोबस्त. माझी रीत अशी आहे की बी मारायचं नाही, त्याला आधी उगवू द्यायचं. बागेच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून त्यावर लेंड्या फारशा नसलेल्या चघाळाचा गुडघ्याच्याही खाली राहील एवढा पसरट थर घालते आणि आतपर्यंत पाणी जाईल असं भिजवते. वरवरचं पाणी कामाचं नाही. हात कोपरापर्यंत आत घालून बघायचं, बोटांना ओल लागली पाहिजे. दर दोन-तीन दिवसांनी पाणी. आठवड्याभरात थरावर पोपटी लव येते. ती बोटभर झाली की दाताळ्याने सगळा थर उलटा करायचा, म्हणजे कोंब खाली दबून कुजतात आणि आतलं बी वर येतं. पुन्हा पाणी, पुन्हा लव, पुन्हा उलटवणं. तीन वेळा असं केलं की चौथ्या वेळी एखादाच चुकार कोंब दिसतो. महिना-सव्वा महिना लागतो. तोवर गवत तपकिरी, मऊ आणि जड झालेलं असतं, आणि मूठ उघडली की ओल्या रानाचा वास येतो. वाफ्यावर अंथरल्यावर वाऱ्याने उडत नाही, हाही एक फायदा.

अंथरण्याआधी वाफा खुरपून घ्या आणि भरपूर पाणी द्या. आच्छादन जशी ओल टिकवतं तसा कोरडेपणाही टिकवतं. कोरड्या मातीवर जाड थर घातला तर हलकी सर थरातच जिरते आणि मुळं तहानलेली राहतात. थर १० ते १५ सेंटिमीटर. महिन्याभरात तो बसून निम्मा होतो, मग वरून भर घालायची. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. गवत खोडाला टेकलं की साल सतत ओली राहते आणि कूज तिथूनच सुरू होते. बारीक बी पेरायचं असेल, गाजर किंवा पालेभाजी, तर त्या ओळीवरचं गवत बाजूला सारा आणि रोपं वीतभर झाल्यावर परत जवळ ओढा.

गवत मातीत खोदून मिसळू नका. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं. गवत मातीत गाडलं तर ते मुळांच्या तोंडचं नत्र ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. वर ठेवलं तर ही ओढाताण मातीच्या अगदी वरच्या पापुद्र्यापुरतीच राहते. खाली न्यायचं काम गांडुळं करतात. दोन महिन्यांनी थराचा कोपरा उचलून बघा. खाली माती रव्यासारखी कणीदार झालेली असते, काड्यांवर पांढऱ्या बुरशीचे धागे असतात (ही बुरशी कुजवणारी, झाडाला त्रास न देणारी) आणि उजेड पडताच गांडुळं आत सरकतात. मला हे बघायला अजूनही तितकंच आवडतं.

गोगलगाईंना मात्र हा ओला थर फार मानवतो. कोवळ्या रोपांच्या दिवसांत मी थर पातळच ठेवते आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला एक ओली फळी टाकते. सकाळी ती उलटली की गोगलगाई खाली गोळा झालेल्या असतात, त्या वेचून काढायच्या. वाळवीचा उपद्रव असेल तिथे झाडांच्या बुंध्यापासून थर आणखी लांब ठेवा.

लेंड्या मिसळलेलं चघाळ आणि उगवू द्यायला वेळ नसलेलं बियाळ गवत खताच्या ढिगात जातं. ढीग निदान मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. गवताचा थर, वर ओला भाजीपाला किंवा शेण, आणि पाणी इतकंच की मूठ घट्ट आवळल्यावर एखादा थेंब यावा. ढिगाच्या मध्यात एक लोखंडी सळई खुपसून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओढून काढली की तिचं आतलं टोक हातात धरवत नाही. ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस राहिलं की बहुतेक बी मरतं. पण ढिगाची बाहेरची बाजू थंडच असते, तिथलं बी जिवंत राहतं. म्हणून दर चार-पाच दिवसांनी बाहेरचं आत घालत ढीग निदान चार वेळा उलटायचा. हे कष्टाचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. लेंड्या कच्च्या असतील तर कच्च्या खायच्या, मातीला टेकणाऱ्या भाज्यांपासून त्या लांबच ठेवा. घातल्या दिवसापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावेत असं सेंद्रिय शेतीत मानतात.

बटाट्यासाठी वेगळी गंमत आहे. भुसभुशीत, ओल्या मातीवर डोळे फुटलेले बटाटे नुसते ठेवायचे आणि वर २५ सेंटिमीटर गवत. वेल वर आला की आणखी गवत घालत राहायचं. काढताना खोदायचं काहीच नसतं, गवत बाजूला केलं की स्वच्छ बटाटे हाती येतात. थर विरळ झाला तर मात्र उजेड लागून बटाटे हिरवे पडतात, त्यात सोलॅनिन तयार होतं, आणि ते खायचे नसतात. म्हणून दर आठवड्याला एक फेरी मारून उघडी जागा झाकायची.

लगेच वापरायचं नसलेलं गवत चांगलं कोरडं करून, मोकळं, घराच्या भिंतीपासून दूर रचा. अर्धवट ओलं गवत घट्ट दाबून ठेवलं तर ते आतून तापत जातं, आणि मोठ्या गंजी अशाच आपोआप पेटतात. माझी गंजी लहान असते, तरी पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी तिच्यात हात घालून बघते. कोमट लागलं की लगेच सोडते, पसरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रचते.