क्लायंट म्हणाला ‘सेम टू सेम अशीच वेबसाइट पाहिजे’, तर काय करायचं

मालवणच्या एका होमस्टेवाल्या काकांनी मला व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, खाली लिहिलं होतं की अशीच सेम टू सेम करून द्या, फक्त नाव आमचं टाका. वेबसाइटची कामं घेणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज कधी ना कधी येतोच. तर पहिलं सांगतो, लगेच नाही म्हणू नका आणि हो तर अजिबात म्हणू नका. आधी विचारा, यातलं नक्की काय आवडलं? काका म्हणाले, खोल्यांचे फोटो कसे मोठे दिसतात आणि बुकिंगचं बटण सारखं समोर राहतं. या दोन्ही गोष्टी कुणाच्याच मालकीच्या नाहीत, बिनधास्त घ्या.

कारण कॉपीराइट नुसत्या कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. वर मेनू, मग मोठा फोटो, खाली तीन कप्पे, हे सगळेच करतात. पण त्यांचा मजकूर, फोटो, चित्रं, आयकॉन, कोड हे त्यांचं. आपल्या १९५७ च्या कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीतच धरलाय, म्हणजे दुसऱ्याचा कोड उचलून आपल्या साइटवर चिकटवणं हे कुणाच्या पुस्तकातली पानं उचलण्यासारखंच झालं. आणि ते ‘३० टक्के बदललं की चालतं’ म्हणतात ना, असा टक्केवारीचा नियम कायद्यात कुठेही नाही, कृपया डोक्यातून काढून टाका.

मी काय करतो, आवडलेल्या गोष्टी दोन ओळीत लिहून घेतो आणि ती लिंक बंद करतो, डिझाइन होईपर्यंत परत उघडत नाही. मग मजकूर आधी जमवतो. मालवणच्या कामात काकूंना फोनवर बोलतं केलं, सकाळी पाहुण्यांना काय देता, समुद्र किती लांब, आणि त्या जे बोलल्या तेच जवळपास तसंच साइटवर घेतलं. अंगण, माड, तव्यावरचं घावन, सगळे फोटो त्यांच्याच मोबाइलवरचे. हे असलं की डिझाइन आपोआप वेगळं होतं, कारण मांडायचं सामानच वेगळं असतं.

फोटोंच्या बाबतीत मात्र फार जपा. गूगलवर दिसला म्हणजे फुकट नाही. माझ्या एका जुन्या कामात क्लायंटनेच दिलेला फोटो न तपासता टाकला आणि वर्षभराने बाहेरच्या एका फोटो एजन्सीचा पैसे भरा म्हणून मेल आला, फार मनस्ताप झाला. आता प्रत्येक फोटो गूगल लेन्स किंवा टिनआयवर (फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधून देणारी साधनं) टाकून बघतो आणि तो कुठून घेतला, लायसन्स काय, हे एका शीटमध्ये लिहितो. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे काही अटींवर वापरू देणारं तयार लायसन्स, त्यात बीवाय असेल तर नाव द्यावं लागतं, एनसी असेल तर धंद्याच्या साइटला चालत नाही. फॉन्टचंही तसंच, पायरेटेड देवनागरी फॉन्ट कशाला वापरायचे, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू ओपन लायसन्सवर आहेत, व्यावसायिक साइटवर चालतात, दिसतातही सुंदर.

आता कागद, जो बहुतेक जण करतच नाहीत. नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, कंपनीचं. पण फ्रीलान्स केलेलं डिझाइन आणि कोड, पैसे मिळाले तरी, लिहून दिल्याशिवाय क्लायंटचं होत नाही (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचं उलटं आहे, वेगळं ठरलं नसेल तर ते पैसे देणाऱ्याचे). त्यामुळे काय देताय ते लिहून सही करा, मुदत आणि प्रदेश पण लिहा, कारण मुदत नसेल तर पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत. मी शेवटचा हप्ता आल्यावर हक्क तुमचा असं लिहितो, दुसऱ्यांनी बनवलेली तयार थीम किंवा प्लगिन (साइटला जोडायचा तयार कोड) वापरलं असेल तर ते वगळून, कारण जे माझं नाहीच ते मी देणार कसं.

आणि उद्या तुमचीच साइट कुणी उचलली तर? आधी तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या, वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या तारखेसकट प्रती जपणारी साइट) दोन्ही पानं सेव्ह करा, मगच त्यांना मेल करा, नाहीतर मेल गेल्या गेल्या ते पान काढून टाकतात. ऐकलं नाही तर त्यांच्या होस्टिंग कंपनीला तक्रार करा. रजिस्ट्रेशन नाही म्हणून घाबरू नका, हक्क काम तयार झाल्यापासूनच असतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पुरावा म्हणून उपयोगी पडतं इतकंच. जुन्या डिझाइन फाइली, कच्चे स्केच, तारखांसकट जपून ठेवा, काकूंशी झालेल्या त्या बोलण्याचं रेकॉर्डिंगसुद्धा माझ्याकडे अजून आहे.