पाइपलाइनला ब्रांच काढताना वेल्डवालं फिटिंग घ्यायचं की आट्याचं?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठेही ब्रांच काढायची म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आट्याचं फिटिंग आणा, वेल्डिंगची कटकट नको." अहो, थ्रेडोलेटसुद्धा (हेच ते आट्याचं फिटिंग) हेडरवर, म्हणजे मुख्य पाइपवर, वेल्डच करावं लागतं, आटे फक्त बाहेरच्या तोंडाला असतात, म्हणजे वेल्डर आणि हॉट वर्क परमिट (आगीच्या कामाची परवानगी) दोन्हीकडे लागणारच. प्रश्न एवढाच की पुढचा पाइप वेल्ड करायचा की आट्यात बसवायचा.

आधी लाइन चालू असताना बघा, थरथरते का. पंप किंवा कंप्रेसरजवळ असेल तर सरळ वेल्डोलेट घ्या, म्हणजे पुढचा पाइपही वेल्ड होणारं फिटिंग. अर्धा इंची शेड्यूल ४० (शेड्यूल म्हणजे जाडीचा नंबर) पाइपची जाडी २.७७ मिमी, त्यावर एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे पाडले की साधारण १.४ मिमी कापलं जातं, मग उरलं काय? एका शेडमध्ये कंप्रेसर लाइनवरचा प्रेशर गेजचा निप्पल (आटे पाडलेला छोटा पाइप) मी स्वतः उतरवलाय, फिटिंगच्या बाहेर जो पहिला आटा दिसतो ना, बरोबर तिथेच गोल चीर गेलेली, आणि ऑपरेटर रोज त्याच्या शेजारी उभा राहायचा. म्हणून आट्याचं करायचंच असेल तर निप्पल निदान शेड्यूल ८०चा घ्या, ३.७३ मिमीचा.

मग आत काय वाहतंय ते बघा. ॲसिड किंवा पेट घेणारं काही असेल तर वेल्ड, कारण आट्यांच्या फटीत माल साचतो आणि तिथूनच गंज लागतो. पाणी, प्लांट एअर, गेज वरचेवर काढायचा असेल, तिथे आटे खुशाल वापरा.

दुकानात नुसतं "अर्धा इंची आट्याचं द्या" म्हणू नका. एनपीटी आणि बीएसपी (ब्रिटिश मापाचे) दोन्हीत अर्ध्या इंचाला इंचामागे १४ आटे, त्यामुळे एकमेकांत दोन-तीन फेरे आरामात जातात, पण एकाचा कोन ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, मग टेस्टिंगला गळणारच. हेडरचा साइज आणि क्लास ३००० हा प्रेशरच्या दर्जाचा शिक्काही फिटिंगवर वाचून घ्या.

बसवताना थ्रेडोलेटचं वेल्डिंग आधी, ते थंड झालं की मगच टेफलॉन टेप, आट्यांच्या दिशेने आणि पुढचा एक आटा मोकळा सोडून. वेल्डोलेटला रूट (वेल्डचा सगळ्यात आतला थर) नीट आतपर्यंत उतरला पाहिजे. शेवटी हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून प्रेशर टेस्ट, डिझाइन प्रेशरच्या दीडपट, कमीत कमी १० मिनिटं, आणि तेवढा वेळ जॉइंटवरून कोरडं फडकं फिरवत राहा.