मांडवी-झुआरीचे पूल लाँग एक्स्पोजरमध्ये टिपताना उभ्या रेषा कशा सांभाळाव्यात

पुलाच्या छायाचित्रात सर्वांत आधी डोळ्यांना खुपते ती कललेली रेषा. लाँग एक्स्पोजरने, म्हणजे शटर कित्येक सेकंद उघडे ठेवल्याने, पाणी कितीही मऊ झालेले असो आणि आकाशाचा रंग कितीही उत्तम उतरलेला असो, मनोरे मागे रेललेले दिसू लागले की पुलाचे बळ हरवते. गोव्यात हा प्रश्न वारंवार येतो. कारण जानेवारी २०१९ मध्ये खुला झालेला मांडवीवरचा अटल सेतू आणि डिसेंबर २०२२ पासून वापरात आलेला झुआरीवरचा नवा पूल हे दोन्ही केबलच्या आधाराचे, उंच मनोऱ्यांचे पूल आहेत, आणि काठावरून मनोऱ्याचे टोक चौकटीत घ्यायला गेले की कॅमेरा आपसूक वर वळतो. तो वळताक्षणी सेन्सर मनोऱ्याला समांतर राहत नाही आणि उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात.

यावर पहिला उपाय जागेवरच करायचा असतो: कॅमेरा वर न वळवता सपाट ठेवावा आणि मनोरा मावेपर्यंत मागे सरकावे किंवा अधिक रुंद लेन्स लावावी. असे केल्यावर चौकटीचा खालचा अर्धा भाग रिकामा राहील, अशी भीती वाटते. रस्त्यावरच्या इमारतीच्या बाबतीत ती खरी असते. नदीवर मात्र तोच भाग लाँग एक्स्पोजरने गुळगुळीत झालेल्या पाण्याने आणि दिव्यांच्या प्रतिबिंबांनी भरतो, आणि नको असलेले पाणी नंतर कापताही येते. उभ्या चौकटीत ही पद्धत विशेष साधते. ज्यांच्याकडे शिफ्ट लेन्स (कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स) आहे, त्यांनी कॅमेरा सपाट ठेवून लेन्सच वर सरकवावी. मात्र उजेडाचे मोजमाप लेन्स सरकवण्यापूर्वी घ्यावे आणि लेन्ससमोर लावलेल्या फिल्टरची कड कोपऱ्यात येत नाही ना, हे तपासावे.

आता सपाट म्हणजे कशाच्या आधाराने सपाट? येथे बरेच जण फसतात. पलीकडचा काठ आपल्यापासून तिरका दूर जात असेल, तर त्याची पाण्यालगतची रेषा चित्रात आडवी येणारच नाही. पुलाचा रस्ताही भरवशाचा नाही, कारण खालून बोटी आणि बार्ज जाव्यात म्हणून तो मधोमध चढत नेलेला असतो. म्हणून कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक लेव्हल पाहावी आणि तिची खातरजमा पाण्यावर करावी. काठावरच्या प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब दिव्याच्या थेट खाली पडते, आणि लाँग एक्स्पोजरमध्ये त्याची लांब पट्टी तयार होते. कॅमेरा सपाट असेल तर या पट्ट्या चौकटीत उभ्या येतात. नदीने आपल्याला फुकट दिलेला तो गवंड्याचा ओळंबाच आहे. वारा तिरका आणि जोराचा असेल तेव्हा पट्टी थोडी ढळू शकते, त्यामुळे दोन-तीन पट्ट्या आणि दिव्यांचे खांब एकत्र पाहून निर्णय करावा.

जागेची निवड हा याहून मोठा विषय आहे, कारण सॉफ्टवेअर रेषा सरळ करते, पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंमधले नाते बदलू शकत नाही. अटल सेतू हा दोन जुन्या मांडवी पुलांच्या मधून जातो. त्यामुळे पणजीच्या बाजूने पाहताना जुन्या पुलाचे खांब नव्या पुलाच्या खांबांवर चढलेले दिसतात; ते सुटे दिसावेत यासाठी काठाने काही पावले पुढे-मागे जाण्याला पर्याय नाही. सूर्यास्त पुलामागे हवा असेल तर पूर्वेकडून, म्हणजे १६३३-३४ मध्ये बांधलेल्या रायबंदरच्या पोंत द लिन्यारिश या जुन्या बांध-रस्त्याच्या बाजूने पाहावे. तेथे आपण पाण्याच्या फार जवळ असतो आणि प्रतिबिंबे लांब येतात. ट्रायपॉड वाहनांच्या वाटेपासून दूरच उभा करावा. पुलांवर थांबून छायाचित्रे काढू नयेत: तेथे ते धोक्याचे आहे, शिवाय जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर पूल कंपतो आणि चित्र हलते.

भरतीचे वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. भरती पूर्ण होऊन पाणी थोडा वेळ थांबते, तेव्हा खांबांच्या पायथ्याचा चिखलाचा पट्टा झाकलेला असतो आणि प्रतिबिंब स्थिर मिळते. मांडवीत नांगरलेली कॅसिनोची जहाजे प्रवाहाबरोबर हळूहळू फिरतात. तीस सेकंदांत त्यांच्या कडा पुसट होतात आणि त्यांच्या रंगीत दिव्यांचा डाग पाण्यावर दूरवर पसरतो. मला ती चौकटीबाहेर ठेवणेच योग्य वाटते.

एक्स्पोजरचे गणित सोपे आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ ते एफ ११. एनडी फिल्टर म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, आणि तिचा प्रत्येक स्टॉप उजेड निम्मा करतो; त्यामुळे दहा स्टॉपचा एनडी फिल्टर उजेड सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे फिल्टरविना सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल तर फिल्टरसह सुमारे ३४ सेकंद लागतात. सूर्यास्तानंतरच्या निळसर उजेडात सहा स्टॉपचा, म्हणजे ६४ पटींचा फिल्टर पुरतो, आणि थोड्या वेळाने तोही काढावा लागतो. चौकट आणि फोकस फिल्टर लावण्यापूर्वी पक्के करावेत, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हातातला हलका हादरा सावरणारी सोय) बंद करावे, शटर रिमोटने किंवा टायमरने दाबावे.

इतके करूनही थोडी दुरुस्ती उरतेच, म्हणून चित्र टिपतानाच चारही बाजूंनी मोकळी जागा सोडावी. लाइटरूम या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी लेन्स प्रोफाइल लावून लेन्सची वक्रता काढावी, कारण वाकलेल्या रेषेवर घेतलेले माप चुकते. त्यानंतर ट्रान्सफॉर्म विभागातील ‘ऑटो’ बटणावर विसंबू नये: तिरक्या केबल आणि चढता रस्ता यांमुळे त्याचा अंदाज चुकू शकतो. ‘गाइडेड’ निवडून एक रेषा डावीकडच्या खांबावर आणि दुसरी उजवीकडच्या खांबावर आखावी. मनोराच मुळात तिरका बांधलेला असेल तर त्यावर रेषा आखू नये. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये ‘रोटेट अँड पर्स्पेक्टिव्ह’ या मॉड्यूलने आणि मोबाइलवर स्नॅपसीडमधल्या ‘पर्स्पेक्टिव्ह’ साधनाने हेच काम होते. आडव्या रेषांची दुरुस्ती मात्र शक्यतो टाळावी. काठावरून दूर जाणारा पूल निमुळता होत जातो यातच त्याची लांबी जाणवते.

कॅमेरा बराच वर वळवून काढलेले चित्र पूर्ण सरळ केले तर मनोरा वरच्या बाजूला अवजड भासतो, म्हणून तेथे दुरुस्ती किंचित अपुरी ठेवावी. वरचा भाग ताणला गेल्याने तेथील तपशील विरळ होतो आणि लाँग एक्स्पोजरचा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, ठळक होतो, तेव्हा मनोऱ्याचे टोक शंभर टक्के आकारात पाहून घ्यावे. दुरुस्तीनंतर मनोरा बुटका किंवा जास्त लांबट वाटत असेल तर ‘अॅस्पेक्ट’ स्लायडरने उंची जुळवावी आणि कापण्याचे काम त्यानंतरच करावे.