ताणाच्या काळात ख्रिस्ती पतिपत्नींनी एकमेकांना क्षमा कशी करावी

घरातले आजारपण लांबते, नोकरी सुटते किंवा तान्ह्या बाळामुळे महिनोन्‌महिने झोप पुरी होत नाही, तेव्हा पतिपत्नींची भांडणे बहुधा चिडून बोललेल्या शब्दावरून, विसरलेल्या औषधावरून किंवा न सांगता थकवलेल्या हप्त्यावरून होतात. दोघेही दमलेले असल्यामुळे ‘जाऊ दे’ म्हणून विषय तात्पुरता बाजूला पडतो आणि पुढच्या भांडणात तो व्याजासह परत येतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला या बाबतीत फार उपयोगी आहे. दहा हजार तलांतांचे, म्हणजे कधीही फेडता न येणारे कर्ज राजाने माफ केलेला चाकर आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी तुरुंगात टाकतो. ती दुसरी रक्कम क्षुल्लक होती असे आपण समजतो. परंतु दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती, म्हणजे ते देणे तीन-साडेतीन महिन्यांच्या कमाईइतके होते. जोडीदाराने दिलेले दुःख नगण्य आहे असे प्रभू म्हणत नाही. देणे खरे आहे, आणि तरीही देवाने आपल्याला जे सोडले त्याच्यापुढे ते सोडता येण्याजोगे आहे.

म्हणून आधी देणे नेमके सांगावे. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ या वाक्याला उत्तर नसते, क्षमाही नसते. त्याऐवजी पत्नीने असे म्हणावे : ‘मंगळवारी आईंना डायलिसिसला मी एकटीने नेले, तुम्ही दोनदा फोन उचलला नाहीत आणि रात्री आल्यावर कसे झाले एवढेही विचारले नाहीत.’ हे ऐकल्यावर पतीच्या तोंडी कामाचे कारण लगेच येईल, आणि ते खरेही असेल. पण याकोबाच्या पत्रात सांगितल्याप्रमाणे ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे असावे. आधी ‘माझे चुकले, तुला फोन करायला हवा होता’ एवढेच म्हणावे. कारण नंतर सांगता येते. आधी सांगितले तर तो बचाव ठरतो.

केव्हा बोलावे, हाही प्रश्न आहे. इफिसकरांस पत्रातील ‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये’ या वचनाच्या आधारे काही जोडपी मध्यरात्रीपर्यंत वाद घालत बसतात. माझ्या मते राग जोपासू नये हा त्या वचनाचा रोख आहे; दवाखान्यातून थकून आलेल्या माणसाला जागे ठेवून निकाल लावावा असा नाही. झोपण्यापूर्वी ‘उद्या सकाळी चहाच्या वेळी बोलू’ एवढे ठरवावे आणि ती वेळ पाळावी. जास्तीत जास्त येत्या रविवारपर्यंत थांबावे, कारण वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करण्याची आज्ञा प्रभुभोजनाला जाणाऱ्या पतिपत्नींनाही लागू आहे.

क्षमा केली असेल तर ती शब्दांत सांगावी, आणि शक्य असल्यास दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी. मात्र प्रार्थनेतून टोमणे मारू नयेत. कौटुंबिक प्रार्थनेत मुलांसमोर ‘प्रभू, यांना सुबुद्धी दे’ असे म्हणणे ही तक्रारच असते, आणि ऐकणाऱ्याला ती बरोबर कळते. तोच प्रसंग आठवून पुन्हा राग आला, तर आधीची क्षमा खोटी होती असे मानू नये. क्षमा किती वेळा करावी याबद्दल येशूने सांगितलेली सत्तर वेळा सात ही मर्यादा एकाच जखमेसाठीही लागू शकते.

विश्वास परत येण्यास मात्र अधिक वेळ लागतो. लपवलेल्या कर्जाबद्दल क्षमा आज करता येईल. पण पुढचे काही महिने पासबुक आणि हप्त्यांचे संदेश दोघांनी मिळून पाहणे रास्त आहे, आणि ज्याचे चुकले त्याने त्याचा अपमान मानू नये. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही, तो १९०० मध्ये घेतला. एका घरात परतणे आणि मनाने एक होणे यांमध्ये असा काळ जाऊ शकतो, आणि त्या काळात दुसऱ्यावर घाई लादू नये.

मारहाण, धमक्या किंवा सततची मानहानी यांना ताणाचे नाव देऊ नये. अशा वेळी क्षमेच्या नावाखाली पत्नीला त्याच घरात परत पाठवणे चूक आहे, मग तो सल्ला पाळकांनी दिलेला असो वा वडीलधाऱ्यांनी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो आणि १८१ या महिला हेल्पलाइनवरून मदत मिळते. आधी तिला सुरक्षित ठिकाणी पोहोचवावे. समेटाची बोलणी करायचीच असतील, तर ती त्यानंतर आणि तिची इच्छा असेल तरच करावीत.