सावजी मसाल्याचा घरगुती बर्गर, अन् सोबत फ्राईज नाही

काळे चणे रात्रीच भिजत घाला, बाकीचं मग बोलू. पाव किलो पुरे, आठ बर्गर निघतात. हो, आपल्या तर्री पोह्यावर (तर्री म्हणजे चण्याचा तिखट रस्सा) असतात तेच चणे. आलू टिक्कीचा बर्गर तर सगळीकडेच मिळतो, अन् खरं सांगू का, त्यात आलू सोडून काहीच लागत नाही. चण्याची पॅटी कशी, दाताखाली येते, पोट भरते अन् मसाला धरून ठेवते.

सकाळी मीठ टाकून कुकरमधे सहा-सात शिट्ट्या घ्या. चणा बोटात दाबला की चेपला पाहिजे पण लगदा नको. पाणी गाळून बाजूला ठेवा, फेकू नका, त्याचं काम आहे. आता महत्त्वाचं, चणे ताटात पसरवून पंख्याखाली पूर्ण गार अन् कोरडे होऊ द्या. मी मागच्या वर्षी भाच्याच्या वाढदिवसाला घाई केली, गरमच मिक्सरमधे टाकले, बारीक वाटले, अन् तव्यावर पॅटी उलटवायला गेलो तर अर्धी उलथण्यावर अन् अर्धी तव्याला चिकटलेली, शेवटी पोरांना सांगितलं ही बर्गर भुर्जी आहे, नवीन आयटम आहे. पोरांनी खाल्ली बिचाऱ्यांनी, बहीण अजून ऐकवून राहिली.

तर मिक्सर थांबून थांबून फिरवा, जाडंभरडं ठेवा. त्यात एक उकडलेला आलू, एक बारीक चिरलेला कांदा (मीठ लावून पिळून घेतलेला, नाहीतर नंतर पाणी सुटते), सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् दोन मोठे चमचे भाजलेल्या जवसाची पूड. विदर्भात जवस घरी असतेच, चटणीसाठी. ओलं झालं की जवस चिकट होते त्यामुळे पॅटी बांधून ठेवते, अंड्याची गरज नाही पडत. वरून ब्रेडचा चुरा, अर्धी वाटी, लागेल तसा.

सावजी मसाला, म्हणजे आपला नागपुरी झणझणीत मसाला, कच्चा मिसळू नका प्लीज. त्यात दगडफूल, काळी मिरी, लवंग असं सगळं दणदणीत असते, कच्चा राहिला तर घशाशी कडवट लागते. छोट्या कढईत एक चमचा तेल, आलं-लसणाची पेस्ट, ती लालसर झाली की गॅस बारीक करून दोन लहान चमचे मसाला, अर्धा मिनिट, तेल सुटून वास बदलला की लगेच उतरवा. तो मसाला मिश्रणात. तिखट कमी खाणारे असतील तर एकच चमचा, इथे हिरोगिरी नको.

आता तपासा कसं ते सांगतो. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्याने चपटा करा. कडा फाटल्या तर चण्याचं ठेवलेलं पाणी चमचाभर घाला, तळहाताला चिकटला तर ब्रेडचा चुरा. मग बनच्या मापाच्या पॅटीज थापून अर्धा तास फ्रीजमधे. बिडाचा तवा चांगला तापवा, थोडंसं तेल, एका बाजूला चार मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. कडेला खरपूस रंग दिसला की पॅटी तवा आपोआप सोडते, त्याच्याआधी खरवडाल तर माझ्यासारखी भुर्जी.

चिकनचा करायचा असेल तर खिमा तंगडीचा मागा, छातीचा कोरडा होते. खिमा आकसतो म्हणून पॅटी बनपेक्षा थोडी मोठी थापा अन् मधे अंगठ्याने खळगा करा, नाहीतर फुगून चेंडू होते. आतून गुलाबी राहायला नको, थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ डिग्री.

मेयोनीजच्या जागी चक्का. दही फडक्यात तीन-चार तास टांगा, त्यात किसलेला लसूण, जवसाची चटणी अन् मीठ. बन आतल्या बाजूने तव्यावर कडक शेकून घ्या, मगच चक्का लावा, म्हणजे बन गळून हातात येत नाही.

आता फ्राईजच्या जागी काय ते. रताळी बोटाएवढी जाड कापून अर्धा तास पाण्यात, मग फडक्याने खरंच कोरडी करा, चमचाभर तेल अन् चमचाभर कॉर्नफ्लोर चोळा, ओव्हनमधे २०० डिग्रीवर पंचवीस-तीस मिनिटं, मधे एकदा पलटवा. तुकडे एकमेकांना खेटले की वाफेनेच शिजतात अन् मऊ पडतात, म्हणून ट्रे दोन लागले तरी चालेल. मीठ शेवटी. मे महिन्यात मात्र ओव्हनचं नावही काढू नका, नागपूरच्या ४५ डिग्रीत आपणच भाजून राहिलो असतो, तेव्हा काकडी अन् थंडगार मठ्ठा.

थंडीत माझी आवडती साईड डिश म्हणजे तुरीच्या शेंगा, मीठ घालून उकडायच्या अन् सोलत बसायचं, नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटमधे ढीग लागलेले असतात. अन् पत्ताकोबी एकदम बारीक चिरून त्यात संत्र्याच्या फोडी, पांढरी साल काढलेल्या, थोडं शेंगदाण्याचं कूट, मिरपूड. मीठ अगदी वाढताना, नाहीतर पाण्याचं तळं होते. मृग बहराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, संत्रा फेब्रुवारी-मार्चमधे येतो, तेव्हा तर साखरेची चिमूटही लागत नाही.

लावताना खाली चक्का, त्यावर कांद्याच्या चकत्या (थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की उग्रपणा जाते), पॅटी, टमाटर, वरचा बन. लावला की लगेच खा. उरलेल्या पॅटीज फ्रीजमधे दोन दिवस राहतात, अन् ते चण्याचं पाणी उद्या सकाळी तर्रीत टाका, पोह्यावर पॅटी कुस्करून घ्या, वरून कच्चा कांदा.