दिग्दर्शकाच्या मनातला सिनेमा घरच्या लॅपटॉपवर कसा जुळवावा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवसांत रात्रभर नाटक चालतं. उशीर झाला की एखादा प्रवेश गाळतात. मग सकाळी टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "एक सीन खाल्ला ना जी!" चाहत्याने घरी सिनेमा पुन्हा जुळवायचा, ते फॅन एडिट; इथे आपल्याला खाल्लेला सीन परत जागेवर बसवायचा आहे.

आधी पुरावा शोधा. स्टुडिओने कापाकापी केलेला 'टच ऑफ ईव्हिल' पाहून त्याचा दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने ५८ पानी टिपण लिहिलं होतं. सिनेमा आला १९५८ मध्ये, आणि त्या टिपणाबरहुकूम संकलक वॉल्टर मर्चने तो पुन्हा जुळवला १९९८ मध्ये. सुरुवातीच्या लांबलचक शॉटवरची नामावली नि पार्श्वसंगीत काढून त्याने रस्त्यावरचे आवाज ऐकू येऊ दिले. 'शोले'च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. पोलीस आले ते सेन्सॉरमुळे. असं टिपण, मुलाखत किंवा पटकथा हाती नसेल तर तुमची ती फक्त आवड. खुशाल एडिट करा, पण दिग्दर्शकाचं नाव लावू नका.

मग विकतची डिस्क घ्या. गाळलेले सीन बहुतेकदा तिच्यातच जादा म्हणून असतात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) पळतात, ते तपासा. पॅल (भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने पळतो, म्हणून १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो. अशा डिस्कवरचा तुकडा ९६ टक्के वेगावर आणल्याशिवाय जोडू नका, आवाज चिरका लागतो.

लॅपटॉप जुना असेल तर केडेनलाइव्ह हे फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या आणि प्रॉक्सी, म्हणजे कामापुरत्या हलक्या फाईली, चालू करा. ऑटोसेव्हही. आमच्याकडे लाईट सांगून जात नाही. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर माझं अख्ख्या रात्रीचं काम एकदा असंच गेलं.

खरी कसोटी आवाजाची. गाळलेल्या सीनला अनेकदा संगीत नसतं, खोलीची बारीक घरघर तेवढी असते. जोडावर ती एकदम तुटली की कान टवकारतात. दोन संवादांमधली मोकळी घरघर कापून जोडाखाली अंथरा आणि पुढच्या सीनचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी सुरू करा. रंग त्यानंतर जुळवा.

हक्क निर्मात्याचे असतात, तेव्हा फाईल वाटत फिरू नका. घरीच दाखवा. माझी माय पोपटीच्या शेंगा सोलत बघते. एका जोडावर तिने मान वर केली, "लाईट गेली का रे?" तो जोड मी तिसऱ्यांदा उसवला.