लूप्स (ऑपरेशनचे भिंगाचे चष्मे) कोणाच्या पैशाने?

प्लास्टिक सर्जरीच्या एम.सीएच.ला (एम.एस.नंतरच्या पदवीला) लागले तेव्हा एमआर, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, हा पेन आणि कॅलेंडर वाटणारा माणूस, एवढंच डोक्यात होतं. इथे तो वेगळ्याच रूपात भेटतो. निगेटिव्ह प्रेशरचं, म्हणजे जखमेतला स्राव ओढून घेणारं, मशीन रात्री एक वाजता बोंबलायला लागलं, जांघेजवळची ड्रेसिंग कुठून तरी हवा खात होती. सिनियर ऑपरेशन थिएटरमध्ये. फोन उचलला तो कंपनीच्या माणसाने. फिल्म कुठे दुमडायची, घडीत पेस्ट कशी भरायची, हे त्याने मला फोनवर शिकवलं. एक रुपया दिला नाही, घेतला नाही.

पंधरा दिवसांनी बर्न्स वॉर्डात एका मुलाच्या वडिलांना बाहेरून आणायची ड्रेसिंग लिहून दिली. त्यांनी विचारलं, "मॅडम, याच्या जागी दुसरी चालणार नाही का?" मी ताडकन "नाही" म्हणाले. मग वाटलं, मला कुठे माहीत आहे? दुसरी मी कधी वापरूनच पाहिली नव्हती. चिठ्ठीवर त्याच माणसाच्या कंपनीचं नाव होतं. लाच कोणी दिली असती तर मी भडकले असते. इथे नुसती ओळख पुरली.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना पहिलं सांगते: चिठ्ठीवर ब्रँड नको, वस्तू लिहा. सिल्व्हरची फोम ड्रेसिंग, 10 बाय 10 सेंटिमीटर, 2 नग. दुकानदार दोन-तीन किमती सांगतो, नातेवाईक निवडतात. ठरावीकच हवी असेल तर का, ते केसपेपरवर एका ओळीत लिहा. ती ओळ सुचत नसेल तर उत्तर मिळालंच.

नियम माहीत असू द्या. डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेत डिसेंबर 2009मध्ये 6.8 हे कलम आलं: कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, हॉटेल, रोख, काही नाही. परिषदेला प्रतिनिधी म्हणून जायचं तिकीटही नाही. 2016मध्ये शिक्षेचे टप्पे ठरले. 50 हजारांच्या वर 1 लाखापर्यंतची भेट म्हणजे वर्षभर नाव रजिस्टरमधून बाहेर. ऑगस्ट 2023चे नवे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले आणि 2002चेच पुन्हा लागू झाले. फेब्रुवारी 2022मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने एपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात सांगितलं की डॉक्टरांना वाटलेल्या वस्तूंचा खर्च कंपनीला आयकरात वजा करता येणार नाही. सल्लागार होणं किंवा संशोधन करणं बंद नाही, पण संशोधनाचा पैसा संस्थेमार्फत यावा आणि सगळं उघड असावं.

उघड म्हणजे किती, हा प्रश्न मला जास्त छळतो. परिषदेत वक्त्याची, कंपन्यांशी असलेलं नातं सांगणारी 'हितसंबंध' स्लाइड डोळा मिटेपर्यंत गायब होते. (ऑपरेशनचे फोटो मात्र वीस मिनिटं.) अमेरिकेत 2014पासून कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिलं, हे कोणीही घरबसल्या शोधू शकतं. आपल्याकडे नावानिशी तशी सोय नाही, तेव्हा चहाच्या वेळी वक्त्याला सरळ विचारा. मी दोनदा विचारलं. एका सरांनी सगळं सांगितलं, दुसऱ्यांना एकदम फोन आला.

इम्प्लांटच्या बाबतीत हे फार जवळून लागतं. जुलै 2019मध्ये ॲलर्गनने बायोसेल या खडबडीत पृष्ठभागाच्या स्तन-इम्प्लांट जगभरातून परत मागवल्या, कारण इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मीळ लिम्फोमाशी (एक प्रकारच्या कर्करोगाशी) त्यांचा संबंध दिसत होता. अशी बातमी येते तेव्हा बाईला फोन कंपनी करत नाही, तुम्ही करता. तो कोणाला करायचा हे कळायला इम्प्लांटचा लॉट नंबर सापडायला हवा. डब्यातलं त्या नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवा, दुसरं पेशंटच्या हातात द्या. पहिल्या दिवसापासून.

आता लूप्स. दुसऱ्या वर्षी एका कंपनीने "मॅडम, तुमच्यासाठी" म्हणून देऊ केले. परदेशी लूप्स लाखाच्या घरात जातात, आणि त्या महिन्यात माझ्या खात्यात खोलीच्या भाड्यापुरतेच पैसे होते. दोन दिवस मी गप्प बसले, हे कबूल करते. शेवटी पास होऊन निघालेल्या सिनियरकडून जुने फ्लिप-अप घेतले, डोळ्यांतलं अंतर जुळवता येणारे, चार हप्त्यांत. डावा पट्टा सैल आहे, त्याला मायक्रोपोर (ड्रेसिंगची चिकटपट्टी) गुंडाळलाय.